सातढगीचा दाखला

मगदूम बाई,

तुम्ही गेलात हे मला शाळेच्या फोनवर कळलं. पेठ वडगावहून तुमच्या मुलाचा फोन होता. मी 'बरं' म्हणून रिसीव्हर ठेवला आणि पहिलं मनात आलं ते हे, की आता अर्ज क्रमांक २१४ चं काय करायचं? वाईट वाटलं ते नंतर, स्कूटर काढायला गेल्यावर. आधी रागच आला. बारा वर्षं एक कागद तुम्ही मला बंद करू दिला नाहीत, आणि आता विचारायचं म्हटलं तर तुम्ही जागेवर नाही.

परवा शाळेत शोकसभा झाली. शांत, संयमी, विद्यार्थिप्रिय, असं सगळे बोलले. मीही मान डोलावली. पण संयम तुमचा आणि ताप माझा, हे तिथं कोण सांगणार? शाळेच्या क्लार्कला विद्यार्थिप्रिय शिक्षिका परवडत नाही, बाई. तुम्ही वर्गात काहीतरी गोड बोलून मोकळ्या व्हायचात आणि ते निस्तरायला मी होतोच.

आमची प्रज्ञा चौथीला तुमच्या वर्गात होती, तिथून हे सगळं सुरू झालं. आमची एकुलती एक लेक. शाळेत बाप-लेकीचं नातं आणायचं नाही, असा माझाच नियम होता, म्हणून ती शाळेत मला बाकी पोरांसारखं 'भाऊसाहेब' म्हणायची. घरी मात्र पप्पा. तेव्हा नव्वदीची मधली वर्षं होती. आमच्या गल्लीत नुकतीच केबल आली होती. बाकीची पोरं टीव्हीला चिकटलेली आणि ही तुमच्या वर्गातल्या पत्र्याच्या पेटीतली पुस्तकं वाचत बसलेली. मला त्याचा अभिमान होता. त्या पेटीत काय काय भरलंय हे आधी बघायला हवं होतं.

त्यात एक पुस्तक होतं. कव्हर नाही, पहिली पानं नाहीत, शेवटचीही नाहीत. सातढगी नावाच्या गावाची गोष्ट. गाव सात ढगांवर वसलेलं. तिथले कंदील माणसांशी बोलतात, तिथल्या शाळेत पोरांना पाऊस बोलवायला शिकवतात, आणि दहा वर्षं पूर्ण झालेल्या कुठल्याही पोराला तिथं प्रवेश मिळतो. वेस एका डोंगरावर दाट धुक्यात उघडते. आता माझी बहीण चंदगडला दिलेली. पावसाळ्यात तिच्याकडं गेलं की अंगणातली विहीर दिसत नाही इतकं धुकं. झालं! पोरीनं ताळा जुळवला.

मी आधी हसण्यावारी नेलं. "गोष्ट आहे ती," म्हटलं. तर म्हणते कशी, "गोष्टीच्या पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव असतंय, पप्पा. ह्याच्यावर न्हाई. म्हणजे हे कुणी लिहिलेलं न्हाई, खरंच हाय."

आता तुम्हीच सांगा, याला उत्तर काय द्यायचं?

आणि मग तो अर्ज आला. इथं चूक माझी आहे, ती मी कबूल करतो. मार्चमध्ये माझ्या टेबलावर कागदांचा ढीग असायचा. आलेला कागद वाचत बसायचं नसतं. आधी आवक शिक्का, क्रमांक, तारीख, रजिस्टरला नोंद, मग वाचन. त्या दिवशी चौथीच्या वर्गातून दहा-बारा कागद एकत्र आले आणि मी धडाधड शिक्के मारले. नोंद करताना २१४ वर नजर गेली. 'मा. मुख्याध्यापक यांस, विनंती अर्ज. मी इयत्ता चौथीत शिकत असून मला सातढगी येथील शाळेत प्रवेश घ्यावयाचा आहे. तरी घरगुती कारणास्तव माझा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी.' आणि खाली तुमच्या टपोऱ्या अक्षरात शेरा: 'अर्ज नमुन्याप्रमाणे आहे. पुढील कार्यवाहीसाठी सादर.'

पुढील कार्यवाही! घरगुती कारणास्तव! उद्या तपासणीला आलेला अधिकारी म्हणेल, क्लार्क घरी पोरीला मारतो की काय. मी तडक तुमच्या वर्गाच्या दारात आलो. तुम्ही फळा पुसत होतात.

"बाई, हे काय लावलंय?"

"अर्जलेखन शिकवत होते. तिचा अर्ज सगळ्यात चांगला जमला."

"सातढगी नाही जगात!"

"ते तिला अजून ठरवायचंय," म्हणालात. "आणि नियम आहे की, भाऊसाहेब. नव्या शाळेचं मागणीपत्र आल्याशिवाय दाखला देता येत नाही. ते मी तिला सांगितलंय. पत्र आलं की देऊ."

"येणारच नाही पत्र!"

"मग देणार नाही. यात खोटं काय बोलले मी?"

हेच. हेच मला कधी सहन झालं नाही. तुमच्या बोलण्यात खोटं सापडायचं नाही आणि माणूस तरी फसल्यासारखा उभा राहायचा.

तुम्हाला हा पोरखेळ वाटत असेल, मला वाटत नव्हता. माझ्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देवांचे टाक आणि ताईत एका फडक्यात बांधून पंचगंगेत सोडले. आजी आठ दिवस जेवली नाही म्हणतात. त्या घरात वाढलेला मी. चमत्कार, करणी, भानामती यांना आमच्यात उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. पोरीचं नाव प्रज्ञा ठेवलं ते उगाच नाही. आणि ती प्रज्ञा दहाव्या वाढदिवसाला धुक्यात चालत जायची तयारी करत होती. दप्तरात तिनं एक बॅटरी आणि भडंगाची पुडी बांधून ठेवली होती. चंदगडच्या एसटीची वेळ वहीच्या मागं लिहिलेली होती. ते बघून तिची आई रडायलाच लागली. नियम काय आणि नमुना काय, बाई, माझी पोरगी डोंगरात हरवली असती.

त्या संध्याकाळी मी तिला समोर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं. सातढगी नाही. कंदील बोलत नाहीत. ढग म्हणजे वाफ.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मग तुम्ही शिक्का कशाला मारलासा?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"तुम्ही खोट्या कागदावर शिक्का मारत न्हाईसा. त्या पाव्हण्यांनी पेढ्याचा बॉक्स आणलेला, जन्मतारीख बदलून द्या म्हणून, तुम्ही हाकलून दिलासा. मी बघितलंय की. खोटं असतं तर तुम्ही मारलाच नसता."

आयुष्यभर जपलेली माझी एक गोष्ट, तीच पोरीनं सातढगीला पुरावा म्हणून लावली. शिक्का चुकून पडला म्हणावं तर बाप गाफील. मुद्दाम मारला म्हणावं तर बाप खोटारडा. त्या रात्री मला झोप नाही. सकाळी मी तुमच्याकडं आलो आणि जे बोललो ते फार वाईट बोललो. तुमच्या लाडानं माझी लेक गमावायची वेळ आली असं काहीतरी. तुम्ही ऐकून घेतलंत. "मधल्या सुट्टीत ऑफिसात येते तिला घेऊन," एवढंच म्हणालात.

ती मधली सुट्टी मला लख्ख आठवते. तुम्ही तिला माझ्याच खुर्चीत बसवलंत आणि आवक रजिस्टर तिच्यापुढं उघडलंत. परवानगी न घेता.

"हे बघ, २१३. या माणसानं लिहिलंय की शाळेच्या भिंतीमुळं त्याच्या घरात वारा येत नाही. खरं आहे का?"

"न्हाई. त्येचं घर पार रस्त्याच्या पलीकडं हाय."

"तरी भाऊसाहेबांनी शिक्का मारलाय. का?"

प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

"शिक्का म्हणजे कागद खरा असं नाही, बाळ. तुझं म्हणणं आमच्यापर्यंत पोचलं, एवढाच त्याचा अर्थ. भाऊसाहेब सगळ्यांचं पोचवून घेतात. तुझंही घेतलं."

माझी मान फासातून सुटली होती. हे मला रात्री का सुचलं नाही, याचा अजून राग येतो.

"मग सातढगी हाय का न्हाई?" ती काही सोडणारी नव्हती.

तुम्ही ते फाटकं पुस्तक पिशवीतून काढलंत. "हे आकाशातून पडलेलं नाही. कुणीतरी बसून लिहिलंय. नाव होतं, ते पान फाटलं. शिवण बघ, धागा दिसतोय अजून. आता त्या माणसाला तरी कशाला लिहावंसं वाटलं असेल? त्याला तिथं जायचं असणार. वाट सापडली असती तर तो लिहीत बसला असता का? गेला नसता?"

प्रज्ञानं त्या धाग्यावरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरले. सातढगी गेली ती त्या क्षणी, आणि मी एवढा तिच्या मागं लागलो होतो तरी ती गेलेली मला बघवेना.

तुम्ही तिला रडू दिलंत. मग विचारलंत, "तिथलं सगळ्यात जास्त काय हवं होतं तुला? कंदील? पाऊस?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मग काय ते सांग. तिथं जाता येत नसेल तर त्यातलं काही इकडं आणता येतंय का बघू."

ती धाग्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "भाऊसाहेब भाईर जातील का?"

आणि तुम्ही मला बाहेर काढलंत. माझ्या ऑफिसातून! मी व्हरांड्यात उभा राहून पाण्याच्या टाकीकडं बघत बसलो. दहा मिनिटांनी ती डोळे पुसत वर्गात गेली. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. काय म्हणाली, विचारलं तर म्हणे, "तिचं तिला विचारा. आणि अर्ज बंद करू नका. ती मागं घेईल तेव्हा बंद करा."

तिला विचारलं तर ती म्हणाली, "काय न्हाई." बॅटरी दप्तरातून निघाली. भडंग आम्ही दोघांनी खाल्लं. मी म्हटलं, संपलं एकदाचं.

संपतंय कसलं! पुढच्या सोमवारपासून तुमचं नवं खूळ सुरू झालं. वर्गात हजेरी फक्त नावानं. आडनाव बंद. हजेरीपत्रकावर आडनावाचा रकाना कोरा. बसायची रांग आडनावावरून होती ती तुम्ही नावाच्या अक्षरावर आणली. डबा खायचा गोलही तसाच, अ पासून. तुमच्या एका वर्गात पाच पूजा आणि चार अमोल! मी दर महिन्याला तुमचं हजेरीपत्रक घेऊन जनरल रजिस्टरशी ताडून बसायचो. स्कॉलरशिपच्या फॉर्मवर दोन पूजांची अदलाबदल झाली, तर दोन वेळा स्कूटर मारून मला ते दुरुस्त करून आणावं लागलं. भर उन्हात. तुम्हाला म्हटलं, बाई, आडनावाला काय काटे आहेत का? तुम्ही म्हणालात, "असतात काहींना." मला वाटलं, तुम्ही माझी टिंगल करताय.

माझं डोकं किती फिरलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी हेडसरांकडं लेखी टिप्पणी दिली. तुम्हाला खुलासा विचारला गेला. तुमचा खुलासा एका ओळीचा: 'मुलांना नावाने हाक मारली की ती लवकर ओ देतात.' त्यावर आवक शिक्का मीच मारला. हेडसर चिडले आणि तुमच्या सेवापुस्तकात ताकीद लागली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिली. ती नोंद माझ्या अक्षरात आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसात आलात, मला शेंगदाण्याची चटणी दिलीत डब्यातून, बिनलसणाची, तुमच्या घरची, आणि हजेरी पुन्हा नावानंच घेतलीत. निवृत्त होईपर्यंत.

दर तपासणीला अधिकारी २१४ वर बोट ठेवायचे. "हे प्रलंबित का?" मी काय सांगणार? "नव्या शाळेचं मागणीपत्र आलं नाही," म्हणायचो. खरंच होतं ते.

तुम्हाला शेवटचं भेटलो ते दोन महिन्यांपूर्वी, मंडईत. तुम्ही काठी टेकत होतात. "राग गेला का, भाऊसाहेब?" विचारलंत. मी म्हटलं, "तुमचे पाच अमोल अजून निस्तरतोय." चार होते, मी एक वाढवून सांगितला. तुम्ही हसलात. कोथिंबिरीची जुडी माझ्या पिशवीत टाकलीत आणि निघून गेलात. तेव्हा तरी सांगायचं होतंत.

आता पुढचं ऐका. प्रज्ञा डी.एड. झाली हे तुम्हाला कळलं होतं. चंदगड तालुक्यात डोंगरातल्या एका शाळेवर आहे, शिक्षणसेवक. तुम्ही गेल्याचं कळल्यावर ती पहिल्या एसटीनं आली. आम्ही दोघं तुमच्या घरी वडगावला जाऊन आलो. परत आल्यावर तिनं पर्समधून एक कागद काढला. केंद्रप्रमुखांनी तिला खुलासा विचारलाय. विषय: हजेरीपत्रकात विद्यार्थ्यांची आडनावे न लिहिणेबाबत.

मी कपाळावर हात मारला. "मगदूम बाईंचं खूळ तुझ्यातबी आलं व्हय? त्या एका खुळापायी मी किती..."

"पप्पा," ती म्हणाली, "ते खूळ बाईंचं नव्हतं. माझं होतं."

मग तिनं सांगितलं. चौथीत डबा खायला बसल्यावर एका पोरीनं आडनावावरून 'तुम्ही कोण' म्हणून विचारलं होतं. हिनं सांगितलं. मी शिकवलं होतं तसं, काही न लपवता, मान वर करून. दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरी गोल मोडून पलीकडं बसल्या. हिच्या डब्यातलं कुणी घेईना. पंधरा-वीस दिवस ही नळाजवळ एकटी जेवत होती. आणि रोज सकाळी हजेरीला ते आडनाव वर्गभर ऐकू यायचं.

"सातढगीत कुणाला आडनाव नसतंय," ती म्हणाली. "पुस्तकात पोरांची नुसती नावंच हायत. म्हणून जायचं होतं. तेवढंच सांगितलं मी बाईंना."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही भांडायला गेला असतासा. सगळ्या शाळेत झालं असतं. मीच म्हटलं बाईंना, पप्पांना सांगू नका. त्यांनी हात हातात घेऊन शब्द दिला."

बाई, मी उठून मोरीत गेलो आणि तोंडावर पाणी मारत राहिलो. माझ्या ऑफिसपासून तो नळ तीस पावलांवर आहे. मी रोज तिथून चहा प्यायला जायचो.

तुम्ही एका पोरीला सातढगी नाही म्हणून सांगितलंत आणि आठवड्याभरात तिला हवा तेवढा तुकडा आमच्या शाळेत आणून ठेवलात. आणि तो उचलून टाका म्हणून लेखी तक्रार केली कुणी? कांबळे भाऊसाहेबांनी. तिच्या बापानं. तुम्ही त्यापायी ताकीद घेतलीत, शब्द मोडला नाहीत आणि वर मला चटणी दिलीत. असं वागतात का, बाई? प्रज्ञा मोठी झाल्यावर तरी कोपऱ्यात घेऊन सांगायचं की, भाऊसाहेब, गाढव आहात. मी ऐकलं असतं. बहुतेक आधी भांडलो असतो, पण ऐकलं असतं.

माझं चुकलं. हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. आता तुमच्या फोटोपुढं म्हणून काय उपयोग, तरी म्हणतो. चुकलं माझं. आणि तुमचे उपकार आहेत माझ्या घरावर.

तुमच्या सेवापुस्तकातली ताकीद मला खोडता येत नाही. खाडाखोड मी कधी केली नाही, तुमच्यासाठीही करणार नाही, तुम्हालाही ते आवडलं नसतं. पण काल प्रज्ञाला शाळेत नेलं. जुनं रजिस्टर काढलं आणि २१४ तिच्यापुढं ठेवलं. म्हटलं, तू मागं घेशील तेव्हा बंद करायचा असं ठरलंय, बोल. तिनं अर्ज वाचला, 'घरगुती कारणास्तव' वर हसली आणि म्हणाली, "बंद करा आता." बारा वर्षं कोऱ्या राहिलेल्या शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: 'अर्जदाराची मागणी वर्गशिक्षिकेने याच शाळेत पूर्ण केली. दाखल्याची आवश्यकता नाही.' खाली तारीख टाकली आणि सही केली.

मग पोरीचा खुलासा लिहायला बसलो. तीस वर्षं लोकांचे खुलासे लिहून देतोय मी, चार पानं नियमांसकट लिहू शकलो असतो. जुन्या फाइलीतून तुमचा काढला, माझा शिक्का असलेला, आणि समोर ठेवून ती एकच ओळ उतरवून घेतली. केंद्रप्रमुख चिडणार. ताकीदही येईल कदाचित. आली तर या वेळी मी तिच्या बाजूनं भांडणार आहे.

प्रज्ञा सकाळच्या गाडीनं चंदगडला गेली. तिच्या वर्गात एक पोरगं आहे म्हणे, त्याला वाटतं ढगांच्या वर गाव असतं. काय सांगितलंस त्याला, विचारलं, तर म्हणाली, "अर्ज लिहून आण म्हटलंय."